हळदीसारखंच असतं

आमच्या गावातून कॉलेजात गेलेली मी पहिली. मुलींतली पहिली नव्हे, सगळ्यांतच पहिली. हे मी अजूनही सांगते, आणि ऐकणाऱ्याला ती बढाई वाटली तर वाटू दे. सांगलीपासून दोन कोसांवर, कृष्णेच्या काठाला आमचं गाव. घरची हळद, थोडा ऊस. वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. त्यांना सही येत नव्हती, अंगठा येत होता. मामा सांगलीत राहायचे. त्यांच्या घरून रोज विश्रामबागेपर्यंत चालत जाऊन मी चार वर्षं कॉलेज केलं आणि बी. ए. झाले. पहिल्या महिन्यात वर्गात ‘हाय’ आणि ‘न्हाई’ म्हणाले म्हणून पोरी हसल्या. दुसऱ्या महिन्यापासून मी ‘आहे’ आणि ‘नाही’ म्हणायला लागले, पण सुट्टीत घरी गेले की पुन्हा ‘हाय’वर यायचे. दोन्ही भाषा माझ्याच. लाज एकीचीही वाटली नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या शिकलेपणाचा वाटा मोठा आहे. माझ्या शहाणपणापायी एका बाईंची बारा वर्षं जपलेली फुलझाडं मुळासकट उपटली गेली.

लढाईचे दिवस होते. पाचगणीला मुलींच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायला मला नोकरी मिळाली. शाळेच्या मोठ्या बाई इंग्रज होत्या. साठीच्या पुढच्या, उंच, काटक. सातारा जिल्ह्यात तीस वर्षं काढलेली, त्यामुळं मराठी स्वच्छ बोलायच्या, फक्त छापल्यासारखं. ‘आपण भोजन केले काय?’ असं विचारायच्या. त्यांच्या बंगल्याच्या मागच्या अंगाला एक खोली होती, ती मला राहायला दिली. मागं एक दगडी मोरी होती. भांडी, धुणं, हातपाय धुणं सगळं तिथंच.

बंगल्याच्या पूर्वेच्या भिंतीलगत बाईंचा एक वाफा होता. सकाळचं ऊन लागायचं, दुपारनंतर भिंतीची सावली. पाचगणीचा पाऊस म्हणजे चार महिने छपरावर कुणी धान्य ओतत असल्यासारखा, म्हणून खाली दगडगोटे घालून वाफा हातभर उंच केला होता. पाऊस चालू असेस्तोवर त्यात नुसती पानं दिसायची, तीन-तीन दळांची, द्राक्षाच्या पानासारखी खरबरीत. मला वाटलं, ही काय बाग! इतरांच्या बंगल्यांतून डेलियाची ताटाएवढी फुलं डुलत होती आणि आमच्याकडे पाला.

मग पावसानं पाठ फिरवली. डेलिया चिखलात झोपले, गुलाबांना बुरशी लागली, आणि ह्या वाफ्यातून कमरेएवढे बारीक दांडे वर आले. त्यांच्या टोकाला हरभऱ्याएवढ्या गोल कळ्या, वर रुपेरी लव. आश्विनात त्या उमलल्या. काही पांढऱ्या, काही फिकट गुलाबी. मध्ये हिरवं बटण आणि भोवती पिवळं कडं. पिवळं म्हणजे अगदी आमच्या हळदीचं पिवळं. वारा नसला तरी ती हलायची. बाई त्यांना ॲनेमनी म्हणायच्या. बहिणीच्या बागेतल्या मुळ्या ओल्या शेवाळात गुंडाळून बारा वर्षांपूर्वी त्यांनी बोटीतून आणल्या होत्या. बहीण मागं वारली होती.

पण त्या वर्षी बाई फुलांजवळ अगदी नाक नेऊन बघायच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकदा मला म्हणाल्या, “गेली तीन वर्षे मला फक्त पांढरे डाग दिसतात. डाग हलतात, म्हणून समजते की फूल आहे.”

माघ लागल्यावर त्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला मिरजेला निघाल्या. आधी एक डोळा, मग काही आठवडे थांबून दुसरा. एक मैत्रीण तिथं होती, तिच्याकडे राहणार होत्या. निघताना त्यांनी मला वाफ्यापाशी नेलं. थंडीनं पानं तपकिरी होऊन खाली पडली होती.

“तुम्हाला एकच काम देते,” त्या म्हणाल्या. “काहीही करू नका.”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“आठवड्यातून एकदा पाणी. बाकी काही नाही. खुरपेसुद्धा लावू नका. एकदा मी ह्यांची जागा हलवली, तर दोन वर्षे माझ्यावर रुसली होती. परत येईन तेव्हा मला ती नीट पाहायची आहेत. एवढेच.”

काहीही करू नका. ह्याहून सोपं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. फुलं बघून मी हरखले होते तेव्हा घरी एक पत्र लिहिलं होतं. घरी कुणाला वाचता येत नसल्यामुळं पत्रं गावचे मास्तर वाचून दाखवायचे, तेही घरात नाही, बस्तीच्या ओट्यावर. आम्ही जैन. देवळाला आमच्याकडे बस्ती म्हणतात. संध्याकाळचं लवकर जेवण आटोपून माणसं तिथं येऊन बसायची आणि माझं पत्र म्हणजे सगळ्या ओट्याचं पत्र. हे मला ठाऊक होतं, म्हणून मी पत्रात जरा शिकवल्यासारखं लिहायची. ह्या पत्रात लिहिलं, ‘आण्णा, इथं एक फुलझाड आहे. पानं वाळून गेली तरी जमिनीत मुळं जिवंत राहतात आणि पुढच्या साली तिथूनच उगवतात. आपल्या हळदीसारखंच असतं.’ विद्यार्थ्याला ठाऊक असलेल्यावरून ठाऊक नसलेल्याकडे न्यावं, हे मी नुकतंच शिकवण्याच्या पुस्तकात वाचलं होतं. मास्तरांनी ते वाक्य दोनदा वाचलं म्हणे. आण्णांनी वाचायला लावलं.

हळदीचं काय असतं ते सांगते. नऊ महिन्यांचं पीक. माघात पाला वाळला की कापायचा आणि जमीन खणून गड्डे, हळकुंडं काढायची. विकायची ती शिजवून वाळवून हरिपूरच्या पेवांत, जमिनीखालच्या त्या खोल कोठारांत, आणि बियाण्याचे गड्डे झाडाच्या सावलीत ढीग घालून पाल्यानं झाकून ठेवायचे. पाला वाळल्यावर हळद रानात उभी ठेवणं म्हणजे आळसाची हद्द. कुणाच्या रानात तसं दिसलं तर गाव विचारतं, ‘घरात कुनी आजारी हाय का काय?’

फाल्गुनात स्वतःची हळद शिजवून झाल्यावर आण्णा मला बघायला आले. वाठार स्टेशनाला उतरून मोटारीनं. पेट्रोल नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, मागं ही मोठी भट्टी. पसरणीच्या घाटात उतारूंना खाली उतरावं लागायचं. आण्णा दारात उभे राहिले ते घामानं निथळत. “बसायला आलो हुतो,” म्हणाले, “ढकलत आलो.”

खांद्यावर पोतं. त्यात हळद, ज्वारीचं पीठ आणि गुळाची अख्खी ढेप. आण्णांना गुळाशिवाय घास उतरायचा नाही. पाणी प्यायचं तरी आधी खडा तोंडात. आई म्हणायची, ह्यांना मुंगीच्या जल्माला जायाचं हुतं, वाट चुकली. आल्याआल्या त्यांनी ढेपेची कड फोडली, एक तुकडा मला दिला, एक स्वतः खाल्ला, आणि मग बंगल्याला फेरी मारली.

वाफ्यापाशी थांबले. “ह्येच व्हय ते? हळदीसारखं?”

“हेच.”

“पाला तर वाळून कोळसा झालाय.”

“हो. थंडीत वाळतो.”

“कुठलं म्हनालीस ह्ये?”

“इंग्लंडहून आणलंय. पण मूळचं जपानकडचं.”

आण्णांनी कपाळाला हात लावला. “जपान्यासंगं लढाई चाललीया, आपल्या गल्लीतली चार पोरं तिकडं बर्मात बंदूक धरून बसल्यात, आन् हितं त्येचीच झाडं पाळताय! धन्य गं बाय तुमची.”

मी हसले. बाईंचा निरोप मात्र सांगितला नाही. गरजच वाटली नाही. कुणी हात लावेल असं मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला मॅट्रिकच्या मुली घेऊन साताऱ्याला जायचं होतं, परीक्षेला. आठ दिवस. आण्णांना म्हटलं, तुम्ही माघारी जा. ते म्हणाले, “आत्ताच तर आलोय. तू जा. म्या ऱ्हातो. घराला कुनी तरी पायजेच की.” शेतकऱ्याला आठ दिवस बिनकामाचं ठेवून मी साताऱ्याला गेले. बी. ए. झालेल्या बाईला एवढी अक्कल नको?

आठ दिवसांनी परत आले तेव्हा दुपार कलली होती. आण्णा फाटकाशी उभे. तोंडावर असं हसू, की मला आधी वाटलं घरून काही चांगली बातमी आली.

“ये,” म्हणाले. “तुझं काम करून ठिवलंय.”

वाफा खणलेला होता. नुसता खणलेला नाही, वीतभर माती काढून टाकून त्यात खालच्या वस्तीतल्या गोठ्यातलं शेणखत भरलं होतं, वर दाताळं फिरवून सारखा केला होता. सिल्व्हर ओकच्या झाडाखाली सावलीत एक ढीग, वर वाळला पाला, पाला उडू नये म्हणून दगड. आण्णांनी पाला बाजूला सारून मला दाखवलं. काळ्या, बारीक, दोऱ्यासारख्या मुळ्या. आठ दिवसांत सुकून चिवट झालेल्या.

“काय गं बाय,” आण्णा लाडानं रागावले, “शिकलीस म्हंजी पीक जिमिनीत कुजवायचं व्हय? ती म्हातारी दवाखान्यात, तू पोरींच्या मागं. कुनी बघायचं? पर जात लय हलकी हाय. गड्डा न्हाई, हळकुंड न्हाई, नुस्त्या दोऱ्या. तरी मी एक बी माघारी सोडली न्हाई. वाळूची चाळन आनली आन् माती चाळून घेतली.”

मी म्हटलं, “आण्णा, हे काढायचं नसतं.”

“आता न्हाई? मग कवा?”

“कधीच नाही.”

“मग खायाचं कसं?”

“खायचं नसतं. त्याला फूल येतं. ते नुसतं बघायचं असतं. बाईंचे डोळे गेले होते, आता त्या डोळे करून येणारायत. परत आल्यावर त्यांना हे बघायचंय. मला सांगून गेल्या होत्या, कुणी हात लावू नका.”

आण्णा मोरीच्या दगडावर बसले. डोईचं मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं.

“तूच ल्हिवलंवतंस की,” ते म्हणाले. “हळदीसारखंच हाय म्हून.”

आवाज चढा नव्हता. म्हणूनच लागलं. त्यांनी ओरडावं, मी ओरडावं, तर बरं झालं असतं. आमच्या अख्ख्या शिवारात हळदीतलं आण्णांइतकं कुणाला कळत नव्हतं. बियाणं निवडायला लोक त्यांना बोलवायचे. आणि मी एका ओळीत त्यांना अडाणी ठरवून ठेवलं होतं.

आम्ही दोघांनी मिळून सगळ्या मुळ्या परत लावल्या. सुकलेल्या, एकात एक अडकलेल्या, वर कोणती बाजू आणि खाली कोणती तेही कळेना. दिवस मावळला. मावळल्यावर आम्ही जेवत नाही. आण्णा त्या दिवशी तसेच राहिले, आणि मीही.

सकाळी निघताना त्यांनी पोत्यातून काही परत घेतलं नाही. गुळाची ढेप होती तशीच ठेवली. म्हटलं, “वाटेत खायला खडा तरी घ्या.”

“ऱ्हाऊ दे तुला.”

मग मोरीकडं बोट करून म्हणाले, “तितं सांडपानी साचून चिखल हुईत हुता. वाफ्यातली चाळलेली माती टाकून भर घातलीया, कडंनं आळू लावलाय. तेवडं तरी बरं क्येलं, का त्येबी चुकलं?”

“ते बरं केलंत आण्णा.”

“एवड्या मुळ्या मारल्या,” ते फाटकाबाहेर पडताना म्हणाले. माझ्याशी नव्हे, स्वतःशीच. आमच्या घरात कांदा-बटाटा शिजत नाही, तो ह्याच कारणानं. मुळापाशी जीव फार असतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं.

चैत्र, वैशाख असेच गेले. मी रोज वाफ्याला पाणी घालायची. आठवड्यातून एकदा सांगितलेलं, मी रोज. ताज्या शेणखतात ते पाणी मुरून आणखी धग होत असणार, हे नंतर कळलं. एकदा बोटानं माती सारून बघितलं तर मुळी दाबल्यावर हातात लगदा आला. पुन्हा उकरून बघितलं नाही.

मिरजेहून बाईंची पत्रं यायची, मैत्रिणीच्या अक्षरात. ‘एक डोळा उघडला. प्रथम दिसला तो परिचारिकेच्या नाकावरील तीळ. फारच सुंदर तीळ आहे.’ पुढच्या पत्रात, ‘दुसराही झाला. जाड चष्मा मिळाला आहे. मी घुबडासारखी दिसते, परंतु घुबडाला दिसते. ॲनेमनी कशा आहेत?’

मी उत्तर लिहिलं, ‘आपण सांगितल्याप्रमाणे मी बागेत काहीही केलेलं नाही.’

अक्षरन् अक्षर खरं. असलं खरं बोलायलाही शिक्षण लागतं. आण्णांना ते वाक्य सात जन्मांत सुचलं नसतं. पाकिटात घालताना माझी मलाच किळस आली, पण पाकीट टाकलं.

वळीव येऊन गेला. डोंगरावर गवत फुटलं, दगडावर शेवाळ आलं, फाटकाच्या लाकडी खांबालासुद्धा कोंब आला. वाफ्यात काही नाही.

ज्येष्ठ संपता संपता, घाटातली वाट पावसानं अडायच्या आधी, बाई यायच्या होत्या. मी मनाशी वाक्यं तयार करून ठेवली. एका वाक्यात खालच्या वस्तीतली म्हैस फाटकातून शिरली होती. म्हशीला कोण विचारायला जातंय? ते वाक्य चांगलं जमलंही होतं. पण म्हैस माती चाळून घेत नाही.

बाई मोटारीतून उतरल्या. चष्मा खरंच जाड होता, आत डोळे केवढे तरी दिसत होते. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही इतक्या लहान आहात हे मला माहीत नव्हते.” मग पिशवीसुद्धा खाली न ठेवता वाफ्याकडे गेल्या. मी मागून.

गुडघ्यावर बसल्या. मातीला हात लावला. हात उचलून वास घेतला.

“शेणखत,” म्हणाल्या. “कोणी खणले?”

म्हैस ओठांवर येऊन माघारी गेली.

“माझ्या वडिलांनी,” मी म्हटलं. “पण चूक त्यांची नाही. मी त्यांना लिहिलं होतं की हे हळदीसारखं असतं. हळदीचा पाला वाळला की काढतात. त्यांनी काढली. कुणी न सांगता, तुमच्या उपयोगी पडावं म्हणून. तुमचा निरोप मी त्यांना सांगितला नव्हता. आणि पत्रात तुम्हाला जे लिहिलं ते खोटं नव्हतं, पण खोटंच होतं.”

एका दमात बोलून टाकलं. शिकलेल्या मुलीचा बाप अडाणी निघाला, असं काही त्या बोलल्या तर त्याच पावली पेटी बांधून निघायचं, हेही ठरवून ठेवलं होतं. नोकरी गेली तर गेली.

बाई उठल्या. हात शेणखतानं भरले होते, ते धुवायला बंगल्यामागं मोरीवर गेल्या. मी तिथंच वाफ्यापाशी उभी राहिले. पाणी पडल्याचा आवाज आला. मग आवाज थांबला.

“इकडे या,” बाईंनी हाक मारली. “ही इथे कोणी लावली?”

गेले. बाई वाकून आळूची पानं बाजूला सारत होत्या. आळू आण्णांनी लावलेला, गुडघ्याएवढा माजलेला. त्याच्या बुडाशी, सांडपाण्याच्या ओलीला, तीन-तीन दळांची खरबरीत पानं. नखाएवढी, बोटाएवढी. एक, दोन, मग जिकडं बघावं तिकडं. मी रोज दोन वेळा तिथं भांडी घासत होते. पावसाळ्याच्या तोंडावर मोरीवर हिरवं काय उगवतं ते कोण बघत बसतं? मोतीबिंदू काढलेल्या बाईला दिसलं, मला दिसलं नव्हतं.

“माती,” मी म्हटलं. “वाफ्यातली माती चाळून आण्णांनी इथं टाकली होती. चिखल होत होता म्हणून.”

बाई हसायला लागल्या. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. चष्मा काढून पुसावा लागला. “ह्यांच्या मुळाचा नखाएवढा तुकडा पुरतो,” त्या म्हणाल्या. “फक्त ओल हवी. चाळणीतून जे खाली पडले ते सर्व उगवले. तुमच्या वडिलांनी मोठ्या मुळ्या मारल्या आणि लहान लावल्या. मी बारा वर्षांत एवढी रोपे केली नाहीत.” मग गंभीर होऊन, “काही करू नका असे मी सांगितले. का, ते नीट सांगितले नाही. शिक्षिकेने असे करू नये. तुम्हीही करू नका.”

मी मोरीच्या दगडावर बसले, आण्णा बसले होते तिथंच. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. सपाटून भूक लागली. तीन महिन्यांत अशी लागली नव्हती. आम्ही रोपं मोजली. सतरा. मग आळूखाली आणखी दोन सापडली.

त्यांना हलवायचं नाही, हे बाईंनी लगेच ठरवलं. फुलं हलवायची नाहीत म्हणून मोरी हलवली. गवंडी बोलावून बंगल्याच्या दुसऱ्या कडेला नवा दगड बसवला. गवंड्यानं शाळेत सगळ्यांना सांगितलं की मोठ्या बाईंचे डोळे परत आले पण डोकं गेलं.

मी त्याच दिवशी घरी पत्र लिहिलं. स्वच्छ लिहिलं, ओट्यावर वाचलं जाईल हे ठाऊक असून. ‘हळदीसारखंच असतं असं मी लिहिलं ते चूक होतं. आण्णांनी मोरीवर जी माती टाकली तिच्यातून एकोणीस रोपं आली आहेत. बाई रागावल्या नाहीत.’ आठवडाभरात मास्तरांच्या अक्षरात आण्णांचं उत्तर आलं. ‘कळलं. उगवलं म्हणजे पीक आलं नव्हे. मोरीचं पाणी तोडू नका, पाऊस उघडल्यावर ओल लागेल. फूल आल्यावर कळवणे.’ एवढंच. मला थोडं वाईट वाटलं. वाटलं, अजून मनात धरलंय.

पाऊस आला, राहिला, गेला. मोरी हललेली, म्हणून आण्णांच्या सांगण्याप्रमाणं भांड्यांचं पाणी मी तिथंच नेऊन ओतायची. रोपं वीतभर झाली, हातभर झाली. बाई रोज सकाळी तिथं जुन्या दगडावर बसून चहा प्यायच्या. ‘ह्या साली फुले येणार नाहीत, तुकड्यांना दोन वर्षे लागतात,’ असं रोज सांगायच्या आणि रोज बघायच्या. नवरात्र बसायच्या सुमाराला एका रोपानं दांडा वर काढला. मग दुसऱ्यानं. एकोणिसांतून चौघांनी. हरभऱ्याएवढ्या कळ्या, त्यावर ती रुपेरी लव.

पहिलं फूल उमललं त्या सकाळी बाईंनी मला हाक मारली नाही. मी खिडकीतून पाहिलं तर त्या दगडावर बसलेल्या, चहा गार झालेला, आणि नाक फुलापाशी न नेता, ताठ बसून, हातभर अंतरावरून बघत होत्या. किती तरी वेळ. मी बाहेर गेले तेव्हा म्हणाल्या, “मध्ये हिरवे असते हे मी विसरले होते.”

मी घरी कळवलं. चार फुलं आली, बाईंनी पाहिली.

त्याला उत्तर आलं ते दोघांचं होतं, आधी आण्णांचं, खाली आईचं. आण्णांनी मास्तरांकडून लिहवून घेतलं होतं, ‘फूल आलं हे बरं झालं. आता पाला वाळला तर कुणाला हात लावू देऊ नये.’ खाली आईनं सांगितलेलं मास्तरांनी तिच्याच बोलीत उतरवलं होतं. ‘तुझं पत्र वाचलं आन् ह्येंनी वट्यावरनं घरी यून गुळाचा खडा मागितला. शिमग्यापास्नं गूळ सोडला हुता. का सोडला इचारलं तर बोलत न्हवतं. म्या म्हनलं दात दुखत आसंल. आज म्हनलं, त्या बाईचं फूल येस्तवर सोडलावता. लय खाल्ला. पोट दुकंल म्हून काडून घेतला.’

गोड सोडणं, तूप सोडणं, असे नियम आमच्यात धरतात. चातुर्मासात, उपासाला, कुणाच्या आजारपणात. फुलझाडासाठी गूळ सोडलेला माणूस मी तरी दुसरा ऐकला नाही.

आण्णांनी ठेवलेली ढेप माझ्याकडे तशीच होती. मलाही ती फोडवली नव्हती, कारण विचाराल तर मला सांगता आलं नसतं. बत्त्यानं ती फोडली. एक खडा तोंडात टाकला, एक घेऊन जुन्या मोरीवर गेले आणि बाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी कशाबद्दल ते विचारलं. सगळं सांगितलं.

बाईंनी खडा उजेडात धरून, चष्मा सावरून नीट पाहिला, मग तोंडात टाकला. “त्यांना लिहा,” म्हणाल्या, “पुढील वर्षी फुले अधिक येतील. तेव्हा त्यांनी यावे. आणि ह्या वेळी आठ दिवस त्यांना काम काय द्यायचे, ते आपण आधी ठरवून ठेवू.”